कुंडीतला जपानी मेपल: रंग, पानगळ आणि थंडीतली मुळं

पाचबोटी | २४ सप्टेंबर

सप्टेंबर सरत आला की मेपलवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "रस्त्यावरचे मेपल रंगायला लागले, माझ्या कुंडीतल्याच्या मात्र कडा नुसत्या तपकिरी पडताहेत. रोग आहे का?" बहुतेक वेळा रोग नसतो. पानं जुलै-ऑगस्टातच करपलेली असतात, लक्ष आत्ता गेलेलं असतं. म्हणून हा धागा. इथे डोळ्यापुढे आहे तो जपानी मेपल, म्हणजे एसर पामाटम, उथळ कुंडीतला, बोन्साय केलेला. हवामान न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाचं, तापमानं सेल्सियसमध्ये. बाकीच्या गावांनी आपापली भर घालावी.

आधी रंग कुठून येतो ते. पिवळा पानात आधीपासूनच असतो, हरितद्रव्य ओसरलं की दिसू लागतो. लाल मात्र नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी पान सुटण्याचा थर धरू लागला की पानात बनलेली साखर फांदीकडे नीट उतरत नाही. त्या अडकलेल्या साखरेच्या जोरावर आणि उन्हाच्या मदतीने अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनतं. म्हणजे लालसाठी लख्ख दिवस हवेत, २ ते ७ अंशांच्या रात्री हव्यात, आणि तोवर धड राहिलेलं पान हवं. दिवस-रात्र आपल्या हातात नाहीत. पान आहे, पण ते जूनपासून सांभाळावं लागतं.

करपणं कसं ओळखायचं? बोटांच्या टोकापासून सुरू होतं, कडा कुरकुरीत होतात, आणि दक्षिण-पश्चिमेकडची किंवा वाऱ्याच्या बाजूची पानं जास्त खराब दिसतात. खरी रंगत असेल तर पान मऊ राहतं, रंग पूर्ण पानावर पसरतो आणि देठही रंगतो. तिसरी शक्यता वाईट आहे. एकच फांदी अचानक माना टाकते, पानं वाळून तशीच लटकतात. ती फांदी तिरकी कापली तर सालीखालच्या लाकडात काळपट हिरव्या रेघा दिसतात. ती व्हर्टिसिलियम या बुरशीची मर. फांदी निरोगी लाकडापर्यंत मागे कापा, प्रत्येक कापानंतर कात्री स्पिरिटने पुसा आणि ती माती दुसऱ्या कोणत्याही कुंडीत वापरू नका.

आता या महिन्यात करायच्या गोष्टी. पाणी घड्याळावर घालणं बंद करा. ऑगस्टात दिवसातून दोनदा लागत होतं. पानं रंगू लागली की झाड कमी पितं, एक दिवसाआड पुरतं. बांबूची काडी मातीत ३-४ सेंटीमीटर खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली आणि गडद आली तर थांबा, जेमतेम दमट आली तर भरपूर घाला, तळाच्या भोकातून वाहीपर्यंत. वाफसा राहिला पाहिजे, चिखल नको आणि कोरडही नको.

आणि फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेल्या तारा तपासा. सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ते इथेच. फांद्या जाड होतात त्या याच दीड महिन्यात. मेमध्ये सैल वाटलेली तार ऑक्टोबरात सालीत रुतते, आणि मेपलच्या गुळगुळीत सालीवरचा तो पीळ वर्षानुवर्षं जात नाही. तार उलगडू नका, प्रत्येक वेढ्याला कापून काढा. उलगडताना डोळे, म्हणजे पुढच्या फुटीचे कोंब, तुटतात.


टेम्सकाठ | २५ सप्टेंबर

धागा छान. लंडनकरांसाठी एक भर: आमच्याकडे पानांच्या कडा जळण्यामागे ऊन कमी आणि नळाचं पाणी जास्त असतं. इथलं पाणी जड, चुन्याचं. उथळ कुंडीत पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि उन्हाळ्याच्या शेवटी मातीवर नि कुंडीच्या कडेला पांढरी साय धरते. तेच क्षार पानाच्या टोकाशी साचतात. पन्हळीखाली पिंप लावून पावसाचं पाणी वापरणं हा एकच सरळ उपाय. पिंप रिकामं असेल आणि नळाचंच घालावं लागलं, तर थोडंथोडं न शिंपडता एकदम इतकं घाला की तळातून बरंच वाहून जाईल, क्षार धुऊन निघतील.

दुसरं, प्रत्येक जातीकडून लालच मागू नका. ओसाकाझुकी सावलीतसुद्धा लाल होतो. सांगो काकू पिवळा-नारिंगीच होणार, त्याची गंमत थंडीतल्या पोवळ्यासारख्या काड्यांत आहे. देशोजोचा खरा लाल वसंतातला. शरदात तो नारिंगीवर थांबतो आणि लोक उगाच खतात दोष शोधत बसतात.


कात्रीधर | २५ सप्टेंबर

खताचं कोणी बोललं नाही. सप्टेंबरपासून नत्र पूर्ण बंद, फक्त स्फुरद-पालाश, म्हणजे शून्य-दहा-दहा. त्याने रंग चढतो आणि लाकूड पक्कं होतं.


पाचबोटी | २६ सप्टेंबर

अर्धं पटतं, कात्रीधर. ऑगस्टच्या मध्यानंतर नत्राचा जोरदार मारा नको हे बरोबर. त्याने कोवळी फूट येते, ती पक्की व्हायच्या आत दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं आणि काळी पडून मरते. पण पूर्ण उपासही बरोबर नाही. सप्टेंबरात पान हिरवं आहे तोवर मुळं नत्र घेत असतात, आणि पान गळण्याआधी झाड पानातलं नत्रही काढून साल आणि मुळांत ठेवतं. मार्चमधली पहिली पालवी याच साठ्यावर फुटते, नव्या खतावर नाही. तेव्हा सौम्य सेंद्रिय खत, पेंडीच्या गोळ्या वगैरे, मातीवर राहू द्या. निम्मी पानं रंगली की उचलून टाका. रंग स्फुरदाने चढतो याला मात्र आधार नाही. ज्या वर्षी रात्री गार आणि दिवस कोरडे, त्या वर्षी सगळ्यांचेच मेपल लाल होतात, खत कुठलंही घाला.


कात्रीधर | २६ सप्टेंबर

पेंडीच्या गोळ्यांना खारी येतात हो. आमच्या भागात माती उकरून ठेवतात. गोळ्या जाळीच्या टोपीखाली ठेवायच्या आणि टोपी मातीत रोवायची. बाकी मान्य.


म्युनिक_बाल्कनी | १९ ऑक्टोबर

इथे पहिलं दहिवर पडलं. निम्मी पानं लाल, निम्मी अजून हिरवी. झाड आत घ्यावं का?


पाचबोटी | १९ ऑक्टोबर

घरात अजिबात नको. शून्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे झालेलं मेपलला हवंच असतं, त्यावरून तर ते निजायची तयारी करतं. भीती असते ती एकदम उणे चार-पाच जाण्याची. तशा रात्री पान सुटायचा थर पूर्ण व्हायच्या आत पान मरतं, मग ते गळत नाही, तपकिरी होऊन डिसेंबरपर्यंत लटकतं. तसा अंदाज असेल त्या रात्रीपुरतं झाड भिंतीला टेकवा, वरून जुनी चादर टाका, सकाळी काढा.

लटकलेली पानं हाताने खाली ओढू नका. देठाच्या बुडाशीच पुढच्या वर्षाचा डोळा आहे, तो सालीसकट सोलून येतो. देठ मध्यावर कापा. उरलेला देठ आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप पडतो. खाली पडलेली पानं मातीवरून नि शेवाळावरून रोज उचला. बुरशी तिथेच हिवाळा काढते आणि एप्रिलमध्ये नव्या पानांवर ठिपके बनून परत येते.


कात्रीधर | १६ नोव्हेंबर

पानं झडली असतील तर आता कात्रीचं काम. झाडाची खरी तब्येत दिसते ती आत्ता. जपानमध्ये बोन्सायच्या मोठ्या प्रदर्शनात, टोकियोच्या उएनो भागात १९३४ पासून भरणाऱ्या कोकुफूमध्ये, मेपल फेब्रुवारीत उघड्या फांद्यांनीच मांडतात. पानं असली की फांद्यांतल्या चुका झाकल्या जातात, म्हणून.

मेपलचे डोळे समोरासमोर असतात, त्यामुळे एका पेरावरून दोन, कधी तीन-चार फांद्याही निघतात. दोन ठेवा. तीन-चार ठेवल्या तर त्या जागी गाठ फुगते आणि ती पुढे कधीच बसत नाही. टोकाची फांदी आखूड करताना डोळ्यांच्या जोडीच्या अगदी लगत कापू नका, ४-५ मिलिमीटर ठूठ ठेवा. मेपलची काडी कापाखाली थोडी वाळते, लगत कापली तर ते वाळणं डोळ्यापर्यंत उतरतं. ठूठ पुढच्या उन्हाळ्यात काढा. प्रत्येक कापावर मलम लावायचंच, लहान कापांवरही.


टेम्सकाठ | १६ नोव्हेंबर

हीच छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत केली तर? तेव्हा वेळ मिळतो.


कात्रीधर | १७ नोव्हेंबर

तेव्हा नको. रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं सुरू झालं की मेपलच्या खोडात दाब तयार होतो आणि कापातून पाणी टपकत राहतं. व्हरमाँटमध्ये शुगर मेपलला भोक पाडून पाकासाठी रस काढतात तो याच दाबावर. कुंडीतलं झाड त्याने सहसा मरत नाही, पण मलम चिकटत नाही, कापाची कडा ओली राहते आणि बुरशीला दार उघडं मिळतं. बोटाएवढी किंवा जाड फांदी काढायची असेल तर आत्ताही थांबा. जूनच्या सुरुवातीला, पहिली पालवी पक्की झाल्यावर कापा, तेव्हा जखम भराभर भरून येते. आत्ता फक्त काड्या.


गॅरेजवाला | २९ नोव्हेंबर

मुळांकडे कुणी वळेना म्हणून लिहितो. जपानी मेपलचं खोड उणे वीसही सोसतं, पण मुळं नाही सोसत. जमिनीतल्या झाडाच्या मुळांना माती पांघरूण असते; टेबलावरच्या कुंडीला चारी बाजूंनी आणि खालूनही वारा लागतो. साधारण उणे १० ला मुळं मरायला लागतात, बारीक केसमुळं त्याआधी. ट्रायडेंट मेपलची मुळं मांसल, पाणी धरणारी. त्याला उणे ५ च्या खाली जाऊच देऊ नका.

फसवणूक अशी की मेलेलं कळतच नाही. एप्रिलमध्ये डोळे फुगतात, पानं निम्मी उघडतातही, कारण खोडात साठा असतो. मग एका आठवड्यात सगळं सुकतं आणि लोक म्हणतात, वसंतात रोग आला. झाड जानेवारीतच गेलेलं असतं.

उपाय दोन. पहिला, घराला न जोडलेलं, हीटर नसलेलं गॅरेज. कुंडीच्या पातळीला कमाल-किमान दाखवणारा तापमापक ठेवा, हवेत टांगू नका. उणे ३ ते अधिक ५ अंश हा पट्टा उत्तम. पानं नाहीत, त्यामुळे उजेड लागत नाही. बोस्टनच्या अर्नॉल्ड आर्बोरेटममधला लार्झ अँडरसन बोन्साय संग्रहसुद्धा हिवाळाभर गोठणबिंदूच्या जरा वर राखलेल्या शीतखोलीतच असतो. दर १०-१५ दिवसांनी काडी खोचून बघा, कोरडं वाटलं तर पाणी. थंडीत गॅरेजमधलं झाड गारठ्यापेक्षा विसरलेल्या पाण्याने जास्त मरतं. उंदीर खोडाची साल गोल कुरतडतात, म्हणून खोडाभोवती बारीक जाळी.

दुसरा उपाय, जमिनीत पुरणं. घराच्या उत्तर किंवा पूर्व भिंतीलगत कुंडीच्या उंचीइतका खड्डा, तळाशी दोन बोटं खडी, कुंडी काठापर्यंत आत आणि वरून ८-१० सेंटीमीटर सालीचे तुकडे किंवा पाइनची सुकी पानं. बर्फ पडला तर तसाच राहू द्या, त्यासारखं पांघरूण नाही. दक्षिण भिंत मात्र टाळा. फेब्रुवारीतलं ऊन तिथे डोळे लवकर उठवतं.


पाचबोटी | २९ नोव्हेंबर

माझं मत दुसऱ्या उपायाच्या बाजूने. हल्ली बहुतेकांची गॅरेजं घराला चिकटलेली असतात, फेब्रुवारीत तिथे सहज १२ अंश होतात. डोळे फुटतात, बाहेर उणे सहा असतं, आणि झाड धड आत नाही धड बाहेर. अंधारात फुटलेली पालवी लांबट, फिकी आणि लुळी येते. त्या वर्षाची पेरं बिघडली की बिघडली.

कुंडीकडेही बघा. तोंडाशी आत वळलेली, पोट सुटलेली कुंडी गोठणाऱ्या मातीला वर सरकायला जागा देत नाही आणि तडकते. कमी भाजलेल्या मातीच्या कुंड्याही तडकतात, त्यांची कवचं उडतात. उंच भट्टीत भाजलेली, सरळ किंवा बाहेर पसरलेल्या काठाची कुंडी टिकते.


म्युनिक_बाल्कनी | ३० नोव्हेंबर

आणि जमीनच नसेल तर?


गॅरेजवाला | ३० नोव्हेंबर

थर्माकोलची मासळी ठेवायची पेटी. तळाला तीन-चार भोकं पाडा, सालीच्या तुकड्यांचा ५ सेंटीमीटर थर द्या, त्यावर कुंडी, चहूबाजूंनी आणि वरूनही साल. पेटी घराच्या भिंतीला चिकटवून, फरशीपासून दोन विटा उचलून ठेवा. खोडाला वारा लागत असेल तर दोन बाजूंना शेडनेट. माती गोठलेली असताना मुळं पाणी देऊ शकत नाहीत आणि वारा बारीक काड्या सुकवत राहतो. टोकं मरतात ती थंडीपेक्षा या सुकण्याने. प्लास्टिकच्या कागदात मात्र गुंडाळू नका. उन्हात आत भट्टी होते, रात्री पुन्हा गोठतं.


गच्चीवरून | ७ डिसेंबर

पुण्यातून विचारतोय. रोपवाटिकेत "मेपल बोन्साय" म्हणून रोप मिळतंय. इथे पानं लाल होतील का? नाहीतर डिसेंबर-जानेवारीत फ्रिजमध्ये ठेवलं तर? ऑनलाइन निळ्या मेपलचं बीही दिसलं.


पाचबोटी | ७ डिसेंबर

उलट्या क्रमाने उत्तर देतो. निळा मेपल जगात नाही. तो फोटो रंगवलेला आहे. पाकिटातून काय उगवेल ते देव जाणे.

खऱ्या मेपलचं बी असेल तर ते चोवीस तास कोमट पाण्यात भिजवून, ओलसर वाळूत घालून, फ्रिजमध्ये ३-५ अंशांत ९० ते १२० दिवस ठेवावं लागतं. त्याशिवाय ते उगवत नाही. उगवलं तरी नावाची जात बियातून तशीच येत नाही, त्यासाठी कलम किंवा गुटी लागते. बोन्सायला गुटी बरी, कलमाचा जोड खोडावर फुगून दिसतो.

फ्रिजबद्दल. झाडाला थंडी लागते हे खरं, दीड-दोन महिने ७ अंशांच्या खाली. पण त्याआधी महिनाभर दिवस आखडत जाणं, हळूहळू गार होणं, पानं गळणं ही तयारी असते. हिरव्या पानांसकट झाड फ्रिजमध्ये घातलं तर ते निजत नाही, कुजतं. शेजारी सफरचंदं असली तर त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने डोळेही बिघडतात. आणि समजा हिवाळा जमवला, तरी पुण्याचा एप्रिल-मे आहेच. ३८-४० अंश, कोरडा वारा, तापलेली गच्ची. करपलेली पानं ऑक्टोबरात लाल कशी होणार? महाबळेश्वरला उन्हाळा सौम्य आहे, पण थंडी तिथेही पुरत नाही.

रोपवाटिकेतलं रोप नीट बघा. पानं समोरासमोर आहेत का? एकाआड एक असतील तर ते मेपल नव्हे. काश्मीरचा चिनार पुष्कळ जण मेपल समजतात; त्याचं पान हुबेहूब दिसतं, पण ते वेगळ्याच कुळातलं झाड.


गच्चीवरून | ७ डिसेंबर

मग रंगाची हौस असेल तर इथे काय लावावं?


टेम्सकाठ | ८ डिसेंबर

आपल्याकडे शरद कोरडाच जातो. रंग असतो तो शिशिरात आणि वसंताच्या तोंडावर, तोही गळत्या पानांपेक्षा नव्या पालवीत जास्त. कुसुम फेब्रुवारी-मार्चमध्ये असा लाल फुटतो की लांबून फुलं वाटावीत. पिंपळाची तांबूस पालवी कुणाला सांगायला नको, आणि तो कुंडीत काहीही सोसतो. गळण्याआधी पानं लाल होणारं हवं असेल तर ताम्हण. थंडीत पाणी थोडं हात राखून द्या, डिसेंबर-जानेवारीत पानं तांबडी होऊन गळतात. पान मोठं आहे, त्यामुळे फुटाच्या आतलं बोन्साय शोभत नाही, दोन-अडीच फुटांचं करा. देशी बदाम याहून लाल होतो, पण त्याचं पान ताटाएवढं, बोन्सायचा नाद सोडा.


गच्चीवरून | ८ डिसेंबर

ताम्हण ठरलं. धन्यवाद.


म्युनिक_बाल्कनी | ११ मार्च

डोळे फुगलेत, पेटी उघडली. तीन वर्षं कुंडी बदललेली नाही. शरदातच करायला हवं होतं का?


पाचबोटी | ११ मार्च

नाही, हीच वेळ. शरदात कापलेली मुळं भरून यायच्या आत माती गोठते. डोळे लांबट झालेत, टोकाला रंगाची रेघ दिसतेय, पण पान उघडलेलं नाही, हे आठ-दहा दिवस बरोबर असतात. पान उघडल्यावर मुळं कापली तर पुरवठा तुटतो आणि ती पालवी लोळते.

माती आदल्या दिवशी थोडी कोरडी राहू द्या. गोळा बाहेर काढून कडेपासून आत बांबूच्या काडीने विंचरा आणि बाहेरच्या नि तळाच्या मुळांचा एक तृतीयांश कापा. सरळ खाली जाणारी जाड मुळं आधी, आडवी पसरणारी ठेवा. मिश्रणात दोन भाग अकादामा (जपानी दाणेदार माती), एक भाग प्युमिस (हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड), एक भाग लाव्हाची खडी. दाणा २ ते ५ मिलिमीटर, धूळ चाळून टाकलेली. धूळ राहिली तर ती तळाशी बसते आणि निचरा तुंबतो. मऊ अकादामा दोन-तीन हिवाळ्यांच्या गोठण्या-वितळण्यात फुटून चिखल होतो, म्हणून उणे तापमानाच्या गावी कडक भाजलेला घ्या. झाड तारेने कुंडीला घट्ट बांधा. हललं तर नवी केसमुळं तुटतात. मग भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने घाला.

त्यानंतर शून्याखाली एकही रात्र नको. दिवसा बाहेर, रात्री दाराच्या आत, ही ने-आण एप्रिलच्या शेवटापर्यंत.


कात्रीधर | १२ मार्च

कुंडी बदलल्यावर खत लगेच घालू नका. पानं पक्की होऊन त्यांचा कोवळा चकाकता रंग जाईपर्यंत, म्हणजे चार ते सहा आठवडे थांबा. एप्रिलमध्ये नव्या पालवीच्या पाठीवर मावा बघा. पानं चुरगळलेली दिसली की आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, निम्मं काम तेवढ्यात होतं.


म्युनिक_बाल्कनी | १२ मार्च

आणि कापलेल्या मुळांवर मलम?


कात्रीधर | १२ मार्च

पेन्सिलीहून जाड कापांवर लावलं तरी चालेल. बाकी नुसती धारदार कात्री. कापाचं तोंड खाली आलं पाहिजे, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही.